स्थळ, कार्य, लोक : क्रेगलॉकहार्टचा कार्योपचार आणि परतलेला सैनिक

१

रणांगणावर पडलेल्या वीराचा गौरव करण्याची साधने मराठी समाजाजवळ विपुल आहेत. शब्दांपुरतेच पाहिले तरी ‘वीरगती’, ‘हुतात्मा’, ‘शहीद’ अशी मालिका सहज डोळ्यांपुढे उभी राहते. गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे या गौरवाचे सर्वांत जुने लोककलारूप होय. ‘वीरगळ’ हा शब्द कानडी ‘वीरगल्लु’ या शब्दाशी निगडित असून त्यातील उत्तरपद ‘कल्लु’ म्हणजे दगड. या शिळांची मांडणी बहुधा ठरलेली असते. तळाच्या पट्टीत युद्ध आणि वीराचा मृत्यू, मधल्या पट्टीत त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा, आणि शिरोभागी त्याच्या कीर्तीचे साक्षी म्हणून चंद्र व सूर्य. बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर तर आरमारी युद्धाचीही दृश्ये कोरलेली आहेत.

या मांडणीकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक उणीव ध्यानात येते. खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जाण्याचा मार्ग फक्त मृत्यूतून जातो. जो लढला, जखमी झाला, परंतु मेला नाही. जो हात गमावून अथवा मनाची घडी विसकटलेली घेऊन गावी परतला, त्याच्यासाठी त्या शिळेवर पट्टी नाही. भाषेतही हीच स्थिती दिसते. परतलेल्या सैनिकाला आपण ‘माजी सैनिक’ म्हणतो. हा शब्द कचेरीत जन्मलेला आहे, आणि माणूस आज काय आहे हे न सांगता तो काल काय होता एवढेच तो सांगतो. इंग्रजीतील ‘व्हेटरन’ हा शब्द लॅटिनमधील ‘जुना, मुरलेला’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला असल्याने त्यात निदान अनुभवाचा मान आहे. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत हुद्दा कोणताही असला तरी अशा माणसाला ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, ती या उणिवेची लोकांनी आपल्या परीने केलेली भरपाईच म्हणावी लागेल.

मृतांच्या सन्मानाची कला आणि जिवंतांच्या उपचाराची कला या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे प्रस्तुत लेखाचे गृहीतक आहे. पहिल्या प्रकारात समाज निर्माता असतो आणि सैनिक विषय असतो. दुसऱ्या प्रकारात सैनिक स्वतः निर्माता होतो, आणि समाज त्याने निर्मिलेल्या वस्तूचा उपयोग करून त्याला पुन्हा आपल्यात घेतो. या दुसऱ्या प्रकारामागील विचार पहिल्या महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडमधील एका रुग्णालयात विशेष स्पष्टपणे मांडला गेला. त्या विचाराचे एक मूळ पुढे मुंबई विद्यापीठापर्यंत येऊन पोहोचले, म्हणून मराठी अभ्यासकाला त्याचे महत्त्व अधिक आहे.

२

प्रथम रोगाच्या नावाचा विचार करणे इष्ट होईल. १९१४ च्या शरदात पश्चिम आघाडीवरील ब्रिटिश सैन्यात अशा व्याधी दिसू लागल्या की ज्यांचे कारण शरीरावरील कोणत्याही जखमेत सापडेना. कोणाची वाचा गेली, कोणाची दृष्टी मंदावली, कोणाचे हातपाय सतत कापू लागले. चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि ‘शेल शॉक’ ही संज्ञा छापील वाङ्मयात रूढ झाली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेस बसलेला धक्का, असा तिचा सरळ अर्थ होता.

ही संज्ञा लोकांच्या तोंडी इतक्या झपाट्याने पसरली की ती वैद्यांच्या हाती उरली नाही. स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा नाव आणि कारण यांची फारकत उघड झाली. १९१७ मध्ये ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी आघाडीवर या संज्ञेचा वापर बंद करविला आणि ‘अद्याप निदान न झालेला, मज्जाविषयक’ अशा आशयाची आद्याक्षरे रुग्णाच्या कागदावर लिहिण्याचा आदेश दिला. ज्या आजाराला नाव आहे त्याला निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. नाव काढून घेतले की हक्कही डळमळतो. नामकरण हा केवळ कोशकाराचा प्रश्न नसतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

भाषाभ्यासकाने लक्ष द्यावे अशी दुसरी गोष्ट म्हणजे या व्याधींत वाणीचे विकार फार होते, आणि त्यांतही हुद्द्याप्रमाणे भेद दिसे. साध्या शिपायांत वाचा पूर्णपणे जाण्याचे प्रमाण अधिक, तर अधिकाऱ्यांत तोतरेपणा अधिक, असे निरीक्षण विल्यम रिव्हर्स या डॉक्टरांनी नोंदविले आहे. ज्याला बोलण्याचा अधिकारच नव्हता तो मुका झाला, आणि ज्याला बोलणे भाग होते तो अडखळू लागला, असा याचा अर्थ लावता येईल. रिव्हर्स यांना स्वतःला आयुष्यभर तोतरेपणाचा त्रास होता, हेही येथे नमूद करावयास हवे.

३

एडिंबरोच्या सीमेवरील क्रेगलॉकहार्ट येथे जलोपचाराचे एक प्रशस्त विश्रामगृह होते. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते सैन्याने ताब्यात घेतले आणि मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांसाठी तेथे रुग्णालय सुरू केले. ते १९१९ पर्यंत चालले. सीगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे दोन कवी १९१७ च्या उन्हाळ्यात तेथे रुग्ण म्हणून होते, त्यामुळे या संस्थेचे नाव वाङ्मयेतिहासात अजरामर झाले. ससून यांनी जुलै १९१७ मध्ये युद्ध लांबविण्याच्या धोरणाविरुद्ध जाहीर निवेदन केले होते, आणि लष्करी न्यायालयाऐवजी त्यांची रवानगी रुग्णालयात झाली होती.

ससून यांच्यावर उपचार करणारे रिव्हर्स हे मानवशास्त्रज्ञही होते. १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत त्यांचा सहभाग होता, आणि निलगिरीतील तोडा जमातीवरील त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. भयंकर आठवणी दडपून टाकण्याचा सल्ला रुग्णाला देणे घातक आहे, त्याने त्या आठवणींकडे पाहावे आणि त्यांविषयी बोलावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या पद्धतीत उपचाराचे साधन शब्द होते आणि उपचाराचे स्थळ डॉक्टरांची खोली होती.

ओवेन यांच्यावर उपचार करणारे आर्थर ब्रॉक यांची दिशा निराळी होती. ग्रीक भाषेचा त्यांचा व्यासंग दांडगा असून गॅलेन या प्राचीन वैद्याच्या ग्रंथाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘एर्गोथेरपी’ असे नाव वापरले. ग्रीक ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य; तेव्हा मराठीत तिला ‘कार्योपचार’ म्हणावयास हरकत नाही. रुग्णाला रमविण्यासाठी काहीतरी हातात द्यावे, एवढाच हा विचार असता तर त्यात नवीन काही नव्हते. ब्रॉक यांच्या मते रुग्णाचा आजार त्याच्या एकट्याच्या शरीरात वा मनात नसतो. माणूस आणि त्याचा परिसर यांना जोडणारे धागे तुटलेले असतात, आणि आजार हे त्या तुटण्याचे लक्षण असते. म्हणून उपचार म्हणजे ते धागे पुन्हा एकेक करून जोडणे. तेही डॉक्टरांनी जोडून चालत नाही. रुग्णाने स्वतःच्या श्रमाने ते जोडावयाचे असतात.

हा सिद्धान्त समजावून सांगताना ब्रॉक ग्रीक पुराणातील अँटियसची कथा वापरीत. अँटियस हा पृथ्वीचा पुत्र. जोवर त्याचे पाय मातीला टेकलेले असत, तोवर तो अजिंक्य असे. हर्क्युलिसने त्याला उचलून अधांतरी धरले आणि मगच त्याचा प्राण घेतला. आधुनिक युद्धाने सैनिकाला असेच मातीपासून उचललेले आहे, असे ब्रॉक म्हणत. ओवेन यांना त्यांनी याच कथेवर कविता लिहावयास सांगितली, आणि ओवेन यांनी ती लिहिलीही. डॉक्टरने औषधाऐवजी विषय लिहून देण्याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच म्हटले पाहिजे.

४

ब्रॉक यांच्या या विचाराचे मूळ पॅट्रिक गेडीस यांच्या शिकवणुकीत आहे. गेडीस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि हक्स्ली यांचे शिष्य. जीव आणि परिसर हे एकमेकांना घडवीत असतात, हे जीवशास्त्रातील सूत्र त्यांनी नगरांच्या अभ्यासाला लावले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ले प्ले यांनी मांडलेल्या ‘स्थळ, कार्य, कुटुंब’ या त्रयीला त्यांनी ‘स्थळ, कार्य, लोक’ असे व्यापक रूप दिले. एडिंबरोच्या जुन्या, दाट आणि दुर्लक्षित वस्तीत ते स्वतः राहावयास गेले, तेथील घरांची दुरुस्ती व रंगरंगोटी करविली, आणि १८९२ मध्ये किल्ल्याजवळची एक इमारत घेऊन तिचे ‘आउटलुक टॉवर’ या प्रादेशिक अभ्यासकेंद्रात रूपांतर केले. ब्रॉक हे याच मंडळातील होते.

या गुरुशिष्यांच्या परिभाषेची तुलना उद्बोधक आहे. गेडीस शहराविषयी बोलताना वैद्यकाचे शब्द वापरीत. उपचारापूर्वी निदान करा, असा त्यांचा आग्रह असे. हिंदुस्थानातील नगरांवरील अहवालांत जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी करावयाच्या हलक्या फेरफारांना त्यांनी शस्त्रक्रियेचेच रूपक वापरले. ब्रॉक यांनी नेमके उलट केले. रुग्णाविषयी बोलताना त्यांनी नगरशास्त्राचे शब्द वापरले. एकाने नगराला रुग्ण मानले, दुसऱ्याने रुग्णाला भोवतालचे नगर परत मिळवून दिले.

क्रेगलॉकहार्ट येथे हा विचार कसा आचरणात आला, ते पाहू. रुग्णांचे एक परिसर-अभ्यास मंडळ होते. त्यात वनस्पती, भूस्तर, स्थानिक उद्योग यांची पाहणी होई व व्याख्याने होत. वनस्पती विचार करतात काय, या विषयावर ओवेन यांनी या मंडळापुढे भाषण केले होते. शनिवारी संध्याकाळी संगीताचे कार्यक्रम होत, नाट्यप्रयोग होत आणि ओवेन त्यांत भूमिका करीत. शहरातील टायनकॅसल शाळेत जाऊन त्यांनी मुलांना शिकविले. रुग्णालयाचे ‘द हायड्रा’ नावाचे नियतकालिक एप्रिल १९१७ पासून निघत होते. या नावात जलोपचारगृहाच्या इंग्रजी नावावरील कोटी होती आणि शिर तोडले तरी पुन्हा उगवणाऱ्या ग्रीक जलसर्पाचाही संकेत होता. जुलैपासून ओवेन यांनी त्याचे सहा अंक संपादिले. ओवेन यांची छापून आलेली पहिली कविता याच नियतकालिकाच्या १ सप्टेंबर १९१७ च्या अंकातील होय; ससून यांचीही एक कविता त्याच अंकात आहे.

या सर्व उद्योगांत कवितेला वेगळे आसन दिलेले नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. संपादन, अध्यापन, अभिनय, भूस्तरांची पाहणी आणि काव्यलेखन ही सर्व एकाच सूत्रात ओवलेली होती. प्रत्येक कामाला दुसरा माणूस लागत होता. शाळेला विद्यार्थी, नाटकाला प्रेक्षक, नियतकालिकाला वाचक. मन मोकळे करण्यासाठी लिहून कागद फाडून टाकणे आणि ठरल्या दिवशी निघणाऱ्या अंकासाठी लिहिणे, या दोन क्रियांत हाच भेद आहे. दुसऱ्या क्रियेत कोणीतरी आपली वाट पाहत असते. ब्रॉक यांच्या उपचाराचे मर्म या वाट पाहण्यात आहे, असे मला वाटते.

५

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. क्रेगलॉकहार्ट हे लष्करी रुग्णालय होते. तेथील यशाचे माप रुग्ण पुन्हा लढण्यास योग्य झाला की नाही, हे होते. ओवेन बरे झाले, १९१७ च्या अखेरीस तेथून बाहेर पडले, १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सला गेले, आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी साम्ब्र-वाझ कालव्यावरील चकमकीत मारले गेले. युद्ध संपण्यास तेव्हा सात दिवस उरले होते. आईवडिलांच्या हाती तार पडली ती ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या दिवशी. कार्योपचाराने त्यांची वाणी त्यांना परत दिली, आणि त्याच उपचाराने त्यांचा देह आघाडीला परत दिला. म्हणून सैनिकाच्या उपचाराचा कोणताही उपक्रम पाहताना तो कोणासाठी आहे, त्या माणसासाठी की त्याला पाठविणाऱ्या यंत्रणेसाठी, हा प्रश्न विचारणे अपरिहार्य ठरते.

दुसरी मर्यादा हुद्द्याची. नियतकालिक, अभ्यासमंडळ, डॉक्टरांशी दीर्घ संभाषण, हे सर्व अधिकाऱ्यांसाठी होते. साध्या शिपायाच्या वाट्याला यातील फारसे काही आले नाही. मात्र त्याच्यासाठी दुसऱ्या काही वाटा निघाल्या, आणि त्यांतील निदान दोन वाटा ब्रॉक यांच्या सूत्राच्या पुष्कळ जवळ जातात.

पहिली सुईदोऱ्याची. रुग्णालयात अंथरुणावर पडून असलेल्या सैनिकांना भरतकाम शिकविण्याची प्रथा ब्रिटनमध्ये युद्धकाळात पसरली. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील मुख्य वेदीचे एक वस्त्र अशाच जखमी सैनिकांनी निरनिराळ्या रुग्णालयांत भाग वाटून घेऊन भरले. त्यांत ब्रिटनप्रमाणेच ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिका येथील सैनिक होते. जुलै १९१९ मध्ये शांततेबद्दल झालेल्या उपकारप्रार्थनेच्या वेळी ते वेदीवर होते. १९४० मध्ये बाँब पडून वेदीची नासधूस झाली, वस्त्र मात्र वाचले. पुढे दीर्घकाळ ते बाजूस ठेवलेले होते, आणि २०१४ मध्ये दुरुस्त करून पुन्हा दर्शनी मांडण्यात आले. भरणाऱ्यांची नावे नोंदून ठेवलेली असल्यामुळे त्यांच्या वंशजांचा शोध घेता आला. ज्या समारंभात राष्ट्र सैनिकांचा सन्मान करीत होते, त्या समारंभाचे मध्यवर्ती वस्त्र सैनिकांच्याच हातचे होते. सन्मान आणि उपचार या दोन प्रवाहांचा असा संगम इतिहासात क्वचितच आढळतो. पुढे अपंग सैनिकांच्या भरतकामाची एक स्वतंत्र संस्था निघाली. युद्धात स्वतः हातांना जखमा झालेले नट अर्नेस्ट थेसिजर हे तिच्या प्रवर्तकांपैकी होते.

दुसरी वाट खसखशीच्या लाल फुलाची. १९२१ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये प्रथमच स्मृतिचिन्ह म्हणून कृत्रिम फुले विकली गेली. १९२२ मध्ये मेजर जॉर्ज हाउसन यांनी लंडनमध्ये अपंग सैनिकांचा कारखाना काढून ही फुले त्यांच्याकडून करवून घेण्यास आरंभ केला. ज्याचा एक हात निकामी झाला आहे त्यालाही जोडता येईल, अशी फुलाची रचना मुद्दाम करण्यात आली होती. येथे कलेचा अंश अल्प आहे, हे मान्य. परंतु वर्षातून एकदा सारा समाज जे चिन्ह छातीवर लावतो ते परतलेल्या सैनिकाने केलेले असते, यात ब्रॉक यांच्या विचाराचेच एक साधे रूप दिसते.

शब्दांच्या इतिहासात मात्र ‘एर्गोथेरपी’ इंग्रजीत टिकली नाही. एड्रियन हिल या चित्रकारांनी १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ म्हणजे ‘कलोपचार’ ही संज्ञा वापरात आणली, आणि तीच जगभर रूढ झाली. हिल हे पहिल्या महायुद्धात आघाडीवर राहून युद्धदृश्ये रेखाटणारे सैनिक-चित्रकार होते. १९३८ मध्ये क्षयाने आजारी पडून मिडहर्स्टच्या आरोग्यधामात असताना त्यांना चित्र काढण्याचा आपल्यावरच होणारा परिणाम जाणवला, आणि पुढे तेथे आलेल्या जखमी सैनिकांनाही त्यांनी चित्रकला शिकविली. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९४५ चा आहे. फ्रेंच आणि जर्मन भाषांत ‘एर्गोथेरपी’ हा शब्द आजही व्यवसायोपचार या अर्थाने चालू आहे. ‘कार्य’ जाऊन ‘कला’ आली, या पालटाने काही लाभ झाला आणि काही हानीही झाली. लाभ असा की, चित्राला उपयुक्ततेच्या कसोटीतून मुक्तता मिळाली. हानी अशी की, चित्र काढणारा आणि चित्र पाहणारा समाज यांचा जो संबंध ‘कार्य’ या शब्दात अभिप्रेत होता, तो ‘कला’ या शब्दात अभिप्रेत राहिलाच असे नाही. कला एकट्याने करता येते. कार्य बहुधा कोणासाठी तरी असते.

६

आता मुंबईकडे वळू. गेडीस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि अनेक नगरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. १९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. त्यांचे पुत्र ॲलस्डेअर त्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये युद्धात मारले गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नी ॲना हिंदुस्थानात निधन पावल्या. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग स्थापन झाला तेव्हा गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ मध्ये ते परत गेले आणि विभागाची धुरा गो. स. घुर्ये यांच्याकडे आली.

मालवणात जन्मलेले घुर्ये हे गेडीस यांच्या शिफारशीने इंग्लंडला गेले आणि केंब्रिजमध्ये त्यांनी ज्यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले, ते क्रेगलॉकहार्टचे रिव्हर्सच होते. जून १९२२ मध्ये रिव्हर्स यांचा मृत्यू होईपर्यंत हा संबंध टिकला. शब्दांनी उपचार करणारे रिव्हर्स आणि कार्याने उपचार करणारे ब्रॉक यांचे गुरू गेडीस, या दोन्ही परंपरा अशा रीतीने एका कोकणी माणसाच्या ठिकाणी एकत्र आल्या आणि त्यांतून भारतीय समाजशास्त्राची एक प्रमुख शाखा उभी राहिली. घुर्ये यांच्या ग्रंथांचे मुख्य विषय मात्र जात, वंश, आदिवासी समाज, साधू, नगरे हे राहिले. नव्या ज्ञानशाखेपुढे प्रश्नांचा डोंगर होता आणि त्यांनी केलेली निवड समर्थनीयच आहे. तथापि क्रेगलॉकहार्टमध्ये ज्या प्रश्नाने या दोन्ही परंपरांना एका छताखाली आणले होते, तो परतलेल्या सैनिकाचा प्रश्न वाटेत मागे पडला.

हा प्रश्न आपल्याकडे नव्हता असे नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे भरती झाली आणि सुमारे ७४ हजार मृत्युमुखी पडली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे शरण गेलेल्या सैन्यात मराठे होते. साताऱ्याजवळील एका गावाच्या नावालाच ‘अपशिंगे मिलिटरी’ असे रूप आले, आणि त्या युद्धात पडलेल्यांचे स्मारक तेथे आहे. मराठेशाहीत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ देण्याची रीत होती; तेव्हा मृताच्या कुटुंबाची चिंता वाहणे हेही आपल्या परंपरेला नवीन नव्हते.

जिवंत परतलेल्यांसाठी १९१७ मध्ये मुंबईत गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने राणी मेरी यांच्या नावाची तांत्रिक शाळा निघाली. अपंग सैनिकांना उपजीविकेचे हुन्नर शिकविणारी ही शाळा पुढे पुण्याजवळ खडकीस गेली आणि तेथे ती आजतागायत चालू आहे. कंबरेखालचा भाग लुळा पडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्रही १९७४ मध्ये खडकीतच उभे राहिले. तेथील काही निवासी तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. या संस्थांचे कार्य थोर आहे. परंतु गेडीस यांच्या त्रयीच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांत ‘स्थळ’ आहे आणि ‘कार्य’ आहे. ‘लोक’ मात्र बहुधा भिंतीच्या बाहेर उभे आहेत.

७

अलीकडच्या काळात अमेरिकेत परतलेल्या सैनिकांच्या कलेचे अनेक उपक्रम निघाले आहेत. त्यांपैकी एकाचा उल्लेख येथे पुरेसा आहे. २००७ मध्ये व्हरमाँट राज्यात इराकहून परतलेले ड्र्यू कॅमेरॉन आणि कागद बनविणारे कलाकार ड्र्यू मॅटॉट यांनी एक उपक्रम सुरू केला. सैनिक आपला जुना गणवेश आणतात, त्याचे तुकडे करतात, ते पाण्यात कुटून लगदा करतात, त्या लगद्याचा कागद करतात, आणि त्या कागदावर लिहितात वा चित्र छापतात. या कामात सैन्याशी संबंध नसलेली माणसेही बरोबरीने हात घालतात. कागद कुटता कुटता जे बोलणे होते, ते समोरासमोर बसून विचारलेल्या प्रश्नाने होत नाही. रिव्हर्स यांचे शब्द आणि ब्रॉक यांचे कार्य येथे एकाच घमेल्यात आलेले दिसतात.

या सर्व इतिहासावरून अशा कोणत्याही उपक्रमाला लावण्याजोग्या तीन कसोट्या निघतात. पहिली, निर्माता कोण आहे? सैनिकाविषयी काव्य रचणे, भित्तिचित्र काढणे, शिल्प उभारणे हा सन्मान आहे, आणि तो अवश्य व्हावा. परंतु त्याने परतलेल्या माणसाचा तुटलेला धागा जोडला जाईल, अशी अपेक्षा करू नये. दुसरी, निर्मितीची वाट कोण पाहत आहे? जी वस्तू प्रदर्शनानंतर कपाटात जाते ती दयेचा विषय होते; जी वेदीवर अंथरली जाते, छातीवर लावली जाते, वर्गात वाचली जाते, ती समाजाची गरज होते. दया आणि गरज यांतील अंतर सैनिकाला आपल्याहून लवकर कळते. तिसरी, बरे होऊन त्याने कोठे जावयाचे आहे? या प्रश्नाचे उत्तर ‘गावी’ असे असेल तरच कार्योपचार हा शब्द आपल्या पूर्ण अर्थाने सार्थ होतो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर यासाठी नवी परंपरा आयात करण्याची आवश्यकता नाही. जत्रेतील भजनी मंडळ, गणेशोत्सवातील नाटक, गावची तालीम, शाळेची भिंत, घोंगडी विणणारा माग, ही सर्व स्थळे, कार्ये आणि लोक आपल्याकडे पूर्वापार आहेत. परतलेल्या ‘मेजर’ला तेथे पहिल्या रांगेतील खुर्ची मिळते, प्रश्न आहे तो त्याच्या हाती टाळ, कुंचला किंवा संहिता देण्याचा. समाजशास्त्र, भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील परतलेल्या सैनिकांची बोली, त्यांच्या कथनाच्या पद्धती, आणि गावाच्या सामूहिक कलांत त्यांना मिळणारे स्थान यांची पाहणी हाती घेतली, तर गेडीस यांनी घालून दिलेल्या पाठाप्रमाणे उपचारापूर्वीचे निदान तरी आपल्या हाती येईल. ही पाहणी लवकर होणे आवश्यक आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतून परतलेली पिढी आता वार्धक्यात आहे, आणि वीरगळावरील चंद्रसूर्यांना जो अवकाश आहे तो तिला नाही.